रक्ताच्या थेंबातून आकडा येतो कसा? नॅनोकणांचे सेन्सर शरीरातील पदार्थ कसे मोजतात

बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि पाच सेकंद थांबायचे. ग्लुकोमीटरवर आकडा येतो. मधुमेही व्यक्ती असलेल्या घरात हे रोजचेच झाले आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातील अनेकांचे इन्सुलिन किती युनिट घ्यायचे हे याच आकड्यावर ठरते.

पण मीटरला रक्तातील साखर दिसत नाही. मीटर मोजते ती वीज. साखरेचे विजेत रूपांतर करणाऱ्या या पट्टीला ‘इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर’ म्हणतात. आता याच पद्धतीने युरिक अ‍ॅसिड, शिसे, हृदयविकाराच्या झटक्यात रक्तात येणारी प्रथिने आणि मेंदूतील रसायने मोजण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. त्यासाठी सोने, चांदी, प्लॅटिनम आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण वापरले जातात. ‘एका थेंबात आजार ओळखणारा सेन्सर’ अशा बातम्या अधूनमधून फिरतात त्या याच संशोधनाच्या असतात.

हे सेन्सर चालतात कसे, नॅनोकणांमुळे नेमका काय फरक पडतो आणि प्रयोगशाळेत उत्तम चाललेला सेन्सर खऱ्या रक्तात का अडखळतो, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

• इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर पदार्थाकडून इलेक्ट्रॉन घेतो किंवा त्याला देतो आणि त्यातून वाहणारी वीज मोजतो.
• नॅनोकणांमुळे पृष्ठभाग वाढतो, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण सोपी होते आणि अत्यंत कमी मात्रेचा संकेतही मोठा करता येतो.
• खरी अडचण असते ती हवा तोच पदार्थ मोजण्याची. रक्तात त्याच्यासारखे वागणारे इतर पदार्थ भरपूर असतात.
• चुकीच्या पदार्थाला ‘साखर’ समजल्यामुळे रुग्णांचे मृत्यू झाल्याची नोंद आहे.

पट्टीच्या आत पाच सेकंदांत काय घडते?

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर कार्बनचे किंवा धातूचे पातळ इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यावर कोरड्या रसायनांचा थर असतो. थेंब पट्टीच्या टोकाला लागला की रक्त आपोआप आत ओढले जाते. आजकालच्या पट्ट्यांना एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी रक्त पुरते.

पुढचे काम तीन टप्प्यांत होते.

१. थरातील एन्झाइम फक्त ग्लुकोज पकडते आणि त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. यासाठी ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज यांपैकी एक एन्झाइम वापरलेले असते.
२. एन्झाइमचा इलेक्ट्रॉन साठवणारा भाग प्रथिनाच्या आत खोलवर दडलेला असतो. तिथून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन थेट पोहोचत नाहीत. म्हणून मध्ये एक लहान रेणू ठेवतात. तो एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि इलेक्ट्रोडला देतो. त्याला मध्यस्थ म्हणता येईल.
३. मीटर इलेक्ट्रोडवर एका व्होल्टपेक्षा कमी दाब देते आणि वाहणारी वीज मोजते. साखर जास्त असेल तर इलेक्ट्रॉन जास्त आणि वीजही जास्त. त्या विजेचे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये रूपांतर करून आकडा दाखवला जातो.

यात एन्झाइमची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन कुणाकडून आला हे कळत नाही. साखरेचा इलेक्ट्रॉन आणि व्हिटॅमिन सीचा इलेक्ट्रॉन त्याच्या दृष्टीने सारखेच. ‘हा साखरेचा’ असे सांगणारे फक्त एन्झाइम असते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

इथपर्यंतचा प्रवास

द्रावणातील पदार्थ विजेच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत जुनी आहे. प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबांचा इलेक्ट्रोड वापरून ‘पोलरोग्राफी’ ही पद्धत शोधली. तिच्यासाठी त्यांना १९५९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये रक्तातील ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड मांडला. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर चढवण्याची कल्पना प्रसिद्ध केली. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी हा आजच्या जैवसेन्सरचा पाया आहे. या तत्त्वावरचे पहिले व्यावसायिक यंत्र १९७५ मध्ये आले. मात्र ते प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवण्याचे होते.

घरगुती वापराचा रस्ता १९८४ मध्ये मोकळा झाला. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड इथल्या संशोधकांनी फेरोसिन हा लोहयुक्त रेणू मध्यस्थ म्हणून वापरता येतो हे दाखवले. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे मीटर बाजारात आले. आज घराघरांत दिसणारी पट्टी त्याच घराण्यातली आहे.

नॅनोकण म्हणजे काय?

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. या आकाराला पदार्थाचे गुणधर्म बदलू लागतात. सोन्याचे नॅनोकण पाण्यात मिसळले की पाणी पिवळे दिसत नाही, माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अशा द्रावणांचा अभ्यास केला होता. घरी करायच्या गर्भधारणा चाचणीत किंवा कोविडच्या अँटिजेन किटमध्ये उमटणारी लालसर रेघ अनेकदा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. ती चाचणी डोळ्यांनी वाचायची असते. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरमध्ये हेच कण विजेच्या कामाला लावले जातात.

हे कण बनवण्याची एक सोपी आणि प्रसिद्ध पद्धत १९५१ मध्ये टुर्केव्हिच यांनी मांडली. सोन्याच्या क्षाराचे उकळते द्रावण घ्यायचे आणि त्यात सायट्रेट घालायचे. थोड्याच वेळात द्रावण लाल होते. असे कण इलेक्ट्रोडवर थेंबाने वाळवून, शाईत मिसळून छापून किंवा विजेच्या साहाय्याने थेट जमवून बसवता येतात.

नॅनोकण सेन्सरमध्ये कोणते काम करतात?

पृष्ठभाग वाढवतात. एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. सोने तेवढेच, पण पृष्ठभाग दहा लाख पट. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच होत असल्याने लहानशा इलेक्ट्रोडवर जास्त जागा मिळते आणि एन्झाइमही जास्त बसते.

इलेक्ट्रॉनचा रस्ता जवळ करतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इटमार विलनर यांच्या गटाने २००३ मध्ये केलेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. त्यांनी अवघ्या १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण ग्लुकोज ऑक्सिडेजच्या आतल्या भागाला जोडून तो इलेक्ट्रोडशी जोडला. नैसर्गिक स्थितीत हे एन्झाइम ऑक्सिजनला सेकंदाला सुमारे ७०० या वेगाने इलेक्ट्रॉन देते. सोन्याच्या कणामुळे हा वेग सुमारे ५,००० झाला.

कमी दाबावर क्रिया घडवतात. साध्या इलेक्ट्रोडवर एखाद्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन काढायला जास्त व्होल्टेज लागते. जास्त व्होल्टेजवर रक्तातील इतर पदार्थही इलेक्ट्रॉन देऊ लागतात आणि आकडा फुगतो. योग्य नॅनोकण उत्प्रेरकाचे काम करतात, म्हणजे तीच क्रिया कमी व्होल्टेजवर घडवतात. त्यामुळे नको असलेल्या पदार्थांचा गोंधळ कमी होतो.

खूण म्हणून वापरले जातात. हे काम हृदयविकाराच्या तपासणीत महत्त्वाचे ठरू शकते. रक्तात ग्लुकोज लिटरला साधारण एक ग्रॅम असते. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या ट्रोपोनिन-टी या प्रथिनाची एका प्रचलित चाचणीतील मर्यादा लिटरला सुमारे १४ नॅनोग्रॅम आहे. म्हणजे ग्लुकोजच्या जवळपास सात कोटी पट कमी. इतक्या कमी रेणूंकडून थेट वीज मिळणे शक्य नाही.

म्हणून वेगळी युक्ती करतात. इलेक्ट्रोडवरची अँटिबॉडी ट्रोपोनिन पकडते. मग चांदीचा नॅनोकण चिकटवलेली दुसरी अँटिबॉडी त्याच ट्रोपोनिनला दुसऱ्या बाजूने धरते. उरलेले कण धुऊन टाकतात आणि पकडलेल्या कणांतील चांदी विजेने विरघळवतात. २० नॅनोमीटरच्या चांदीच्या एका कणात सुमारे अडीच लाख अणू असतात आणि विरघळताना प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे प्रथिनाच्या एका रेणूच्या बदल्यात अडीच लाख इलेक्ट्रॉनपर्यंत संकेत मिळू शकतो.

शिशाची तपासणी: वीज वापरून ‘गोळा करा आणि मोजा’

शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. रक्तातील शिसे अगदी कमी मात्रेत असले तरी मोजावे लागते. त्यासाठी ‘स्ट्रिपिंग’ नावाची पद्धत वापरतात.

प्रथम आम्ल मिसळून लाल पेशींना चिकटलेले शिसे मोकळे करतात. मग इलेक्ट्रोडला ऋण दाब दिला की विरघळलेले शिसे त्यावर धातूच्या रूपात साचते. काही काळ ते असे गोळा होऊ द्यायचे. नंतर दाब हळूहळू धन बाजूला न्यायचा. ठरावीक दाबाला सगळे शिसे एकदम विरघळते आणि विजेच्या आलेखावर टोक उमटते. टोकाची जागा ‘हे शिसे आहे’ असे सांगते आणि उंची ‘किती आहे’ हे सांगते. या तत्त्वावरील हातात मावणारी यंत्रे बोटाच्या थेंबावरून तीन मिनिटांत आकडा देतात.

तंत्र चांगले असूनही नमुना घेण्याच्या साध्या गोष्टीमुळे ते कसे फसते याचा धडा याच तपासणीने दिला. १७ मे २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की अशा एका प्रचलित तपासणीत शिरेतून काढलेल्या रक्ताचे आकडे खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतात. सहा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांच्यापैकी ज्यांचा असा अहवाल १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी होता त्यांची पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला देण्यात आला. पुढील तपासात संशय गेला तो रक्ताच्या नळीच्या रबरी बुचाकडे. बुचातील थायुरम या रसायनापासून निघणारे घटक रक्तात उतरून शिशाला बांधून ठेवत असावेत आणि इलेक्ट्रोडला ते मोकळे मिळत नसावे असा निष्कर्ष निघाला. बोटाच्या थेंबावर केलेल्या तपासण्यांना हा दोष लागू नव्हता.

खरी अडचण: गर्दीतून एकाला ओळखणे

डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन. पार्किन्सन्स आजारात ते बनवणाऱ्या पेशी कमी होतात. डोपामिन इलेक्ट्रॉन सहज देते, त्यामुळे एन्झाइमशिवायही ते इलेक्ट्रोडवर मोजता येते. म्हणूनच नॅनोकणांच्या सेन्सरची परीक्षा घ्यायला संशोधक हा पदार्थ वारंवार निवडतात.

मात्र त्याचे दोन सोबती त्रास देतात. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, आणि युरिक अ‍ॅसिड. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर तिघेही जवळपास सारख्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे तीन टोकांऐवजी एकच पसरट टेकाड दिसते. त्यातच मात्रेचा फरक प्रचंड. रक्तद्रवात मुक्त डोपामिन लिटरला एका नॅनोमोलपेक्षाही कमी असते. व्हिटॅमिन सी ५०,००० नॅनोमोलच्या आसपास आणि युरिक अ‍ॅसिड ३,००,००० नॅनोमोलच्या आसपास असते. भर बाजारात कुजबुज ऐकण्यासारखा हा प्रकार आहे.

यावर काढलेले मुख्य उपाय असे:

• टोके वेगळी करणे: सोन्याचे नॅनोकण, ग्राफिन किंवा कार्बन नॅनोट्यूब वापरून प्रत्येक पदार्थाचे टोक वेगवेगळ्या व्होल्टेजला आणायचे.
• विद्युतभाराची चाळणी: नॅफिऑन या ऋणभारित पॉलिमरचा थर द्यायचा. शरीरातील आम्लतेला व्हिटॅमिन सी आणि युरिक अ‍ॅसिड ऋणभारित असतात म्हणून ते बाहेर ढकलले जातात. डोपामिन धनभारित असल्याने आत येते.
• कमी दाबाचा मार्ग: ग्लुकोज ऑक्सिडेज वापरल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते प्लॅटिनमवर मोजायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. ‘प्रशियन ब्लू’ या निळ्या रंगद्रव्याचा थर असेल तर हे काम शून्य व्होल्टच्या आसपास होते. तिथे व्हिटॅमिन सी आणि पॅरासिटामॉल फारसा त्रास देत नाहीत.
• रेणूच्या आकाराचा साचा: हव्या त्या रेणूभोवती पॉलिमर घट्ट करून नंतर रेणू काढून टाकायचा. उरलेल्या पोकळीत प्रामुख्याने तसाच रेणू बसतो.

दुसरा अडथळा प्रथिनांचा. रक्तातील प्रथिने इलेक्ट्रोडवर बसू लागतात आणि थर साचतो. चहाच्या गाळणीची भोके हळूहळू बुजावीत तसे होते. नॅनोकणांमुळे मिळालेला मोठा पृष्ठभाग अशा वेळी झाकला जातो आणि संवेदनशीलता घटते.

सेन्सर फसला तर काय होते?

ही चर्चा फक्त प्रयोगशाळेपुरती नाही, हे ऑगस्ट २००९ मध्ये समोर आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका विशिष्ट प्रकारच्या ग्लुकोज पट्ट्यांबद्दल जाहीर सूचना काढली. त्या पट्ट्यांतील ग्लुकोज डिहायड्रोजनेज एन्झाइमला पीक्यूक्यू नावाचा सहायक रेणू जोडलेला होता. हे एन्झाइम ग्लुकोज आणि माल्टोज यांत फरक करू शकत नव्हते.

एरवी रक्तात माल्टोज जवळपास नसतेच, म्हणून सामान्य रुग्णात आकडा बरोबर येई. पण पोटाच्या पोकळीतून डायलिसिस घेणाऱ्या काही रुग्णांना इकोडेक्स्ट्रिन असलेले द्रावण दिले जाते. शरीरात त्यापासून माल्टोज तयार होते. काही शिरेतून द्यायच्या औषधांतही माल्टोज असते. अशा रुग्णाची साखर प्रत्यक्षात कमी असली तरी मीटर जास्त दाखवी. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिले गेले की साखर धोकादायकरीत्या खाली जाई. १९९७ ते २००९ या काळात अशा प्रकारच्या १३ मृत्यूंची नोंद प्रशासनाने त्या सूचनेत दिली.

पट्टीने वीज बरोबर मोजली होती. ती वीज कुणाची, हे ओळखण्यात चूक झाली होती. त्यामुळे कोणत्याही नव्या सेन्सरबद्दल ‘किती कमी मात्रा दिसते’ याच्या बरोबरीने ‘दुसरे काय काय मोजले जाते’ हा प्रश्न विचारावा लागतो.

रक्त, घाम, लाळ की अश्रू?

सुई टोचावी लागू नये म्हणून रक्ताऐवजी दुसरे द्रव वापरण्याचे प्रयत्न खूप झाले आहेत. प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे.

त्वचेखालील द्रव: दंडावर लावायचे सतत साखर मोजणारे सेन्सर रक्तातील साखर मोजत नाहीत. पेशींमधील द्रवातील साखर मोजतात. रक्तातील बदल तिथे पोहोचायला काही मिनिटे लागतात, त्यामुळे साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना दोन आकड्यांत फरक दिसतो.

घाम: २०१६ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी मनगटावर बांधायचा पट्टा दाखवला. तो घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम एकाच वेळी मोजत होता. मात्र घामातील ग्लुकोज रक्ताच्या सुमारे शंभराव्या भागाइतकेच असते आणि घाम किती सुटला यावर आकडा बदलतो.

अश्रू: गुगलने जानेवारी २०१४ मध्ये साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचा प्रकल्प जाहीर केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो थांबवण्यात आला. अश्रूंतील साखर आणि रक्तातील साखर यांचा पुरेसा विश्वासार्ह संबंध मिळाला नाही. सेन्सर कितीही बारीक केला तरी द्रवच रक्ताचे प्रतिबिंब दाखवत नसेल तर उपयोग मर्यादित राहतो.

लघवी आणि लाळ: नमुना मिळणे सोपे. पण किती पाणी प्यायले यावर लघवीतील पदार्थांची तीव्रता बदलते आणि लाळेत खाल्लेल्या अन्नाचे अंश मिसळतात.

इतके संशोधन होऊनही बाजारात कमी का?

नव्या सेन्सरची पहिली चाचणी सहसा स्वच्छ बफर द्रावणात होते. त्यात मोजायचा पदार्थ आणि क्षार याशिवाय काही नसते. तिथे ‘शोधमर्यादा’ काढतात. पदार्थ अजिबात नसलेल्या द्रावणातही विजेत थोडा चढउतार असतो. त्या चढउताराच्या साधारण तिप्पट संकेत देणारी मात्रा म्हणजे शोधमर्यादा. बातम्यांत येणारा ‘अमुक नॅनोमोलपर्यंत ओळखतो’ हा आकडा बहुधा हाच असतो.

पुढची पायरी म्हणजे रक्ताच्या नमुन्यात ठरावीक मात्रा मिसळून ती परत किती सापडते हे पाहणे. अनेकदा नमुना आधी कित्येक पट पातळ केलेला असतो. त्याने गर्दी कमी होते खरी, पण हवा असलेला पदार्थही तितकाच पातळ होतो. त्यापुढे खऱ्या रुग्णांचे नमुने घेऊन प्रयोगशाळेतील मान्य पद्धतीशी तुलना करावी लागते. इथे बरेच सेन्सर मागे पडतात.

शिवाय लाखो पट्ट्या एकसारख्या बनवाव्या लागतात. प्रत्येक घाणीत नॅनोकणांचा आकार थोडा जरी बदलला तरी वीज बदलते. पट्टी महिनोन्‌महिने डबीत टिकली पाहिजे, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसले पाहिजेत आणि किंमतही परवडली पाहिजे. घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिग्रॅमपासून पुढच्या आकड्यांपैकी ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवेत. १०० च्या खाली हा फरक १५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. साठ वर्षे जुन्या आणि सर्वाधिक अभ्यासलेल्या सेन्सरलाही इतकी सूट लागते, यावरून नव्या सेन्सरपुढचे आव्हान लक्षात येईल.

घरच्या मीटरबाबत लक्षात ठेवण्याजोगे

• हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच थेंब घ्यावा. फळ सोलल्यानंतर बोटावर राहिलेली साखरही आकडा बराच वाढवू शकते.
• पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी. ओलाव्याने एन्झाइम आणि मध्यस्थ रसायन दोन्ही बिघडतात. मुदत संपलेली पट्टी वापरू नये.
• रक्तक्षय असेल तर अनेक मीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना तसे सांगून मीटरचा आकडा प्रयोगशाळेशी ताडून घ्यावा.
• दंडावरच्या काही सेन्सरवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेचा, तर काहींवर पॅरासिटामॉलचा परिणाम होतो. सेन्सरसोबतच्या माहितीपत्रकात हे लिहिलेले असते. गोळी सुरू करण्यापूर्वी ते वाचावे.
• पोटाचे डायलिसिस सुरू असेल तर कोणती पट्टी चालेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.
• घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी साखर कमी झाल्याची लक्षणे असूनही मीटर चांगला आकडा दाखवत असेल तर फक्त मीटरवर विसंबू नये. लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

‘एका थेंबात निदान’ अशी बातमी आली तर

तीन गोष्टी तपासाव्यात. चाचणी खऱ्या रुग्णांच्या रक्तावर झाली का, की फक्त बफर द्रावणात? नमुन्यातील सारख्या वागणाऱ्या इतर पदार्थांचा परिणाम पाहिला का? आणि प्रयोगशाळेतील मान्य पद्धतीशी तुलना करून आकडे जुळले का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर ते संशोधन लक्ष ठेवण्यासारखे आहे. एकही नसेल तर ती चांगली सुरुवात आहे, पण तिच्यावर उपचार ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही.

नॅनोकणांनी सेन्सरला पूर्वी अशक्य वाटणाऱ्या मात्रा दाखवल्या आहेत. रक्ताच्या गर्दीत त्याने नेमके कुणाला पाहिले याची खात्री मात्र दर वेळी वेगळी करून घ्यावी लागते. पट्टीवरचा आकडा हातात असलेल्या रुग्णासाठी तीच खात्री सर्वांत मोलाची आहे.